शाळेत शहाणी, घरी आली की कोसळते: शाळेकडे नेमकं मागायचं काय?

दुपारचं_ऊन | रविवार, रात्री ११:५२

लिहू की नको करत तीन रविवार गेले. रविवारच, कारण रविवारी संध्याकाळी हिचं पोट दुखायला लागतं आणि सोमवारी दप्तर खांद्याला लावेपर्यंत दुखत राहतं.

लेक १३ वर्षांची, आठवीत. गेल्या वर्षी ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान झालं. तोवर ती आमच्यासाठी 'जरा अबोल, जरा हट्टी, वाचायला मात्र भारी' अशी होती. शाळेतून कधी तक्रार आली नाही. मार्क चांगले, वह्या नीट, बाईंच्या शब्दाबाहेर नाही. घरी आली की दप्तर दारातच पडतं, बूट पायातच, आणि ही पलंग आणि भिंतीच्या मधल्या फटीत जाऊन दीड तास बसते. दिवा लावायचा नाही, हाक मारायची नाही. चुकून कुणी काही विचारलंच तर किंचाळते आणि मग किंचाळली म्हणून स्वतःच रडते.

निदानाचा कागद घेऊन शाळेत गेले. वर्गशिक्षिका भल्या आहेत, खोटं कशाला बोलू. पण म्हणाल्या, "आमच्याकडे तर काहीच त्रास नाही हो. घरी काही बिनसलंय का?" कागद पर्समध्ये घालून परत आले.

त्यात लेकीने बजावलंय: "मला वेगळं बसवलं, सोबत कुणी मदतनीस दिली किंवा वर्गात काही सांगितलं, तर मी शाळेत पाऊल टाकणार नाही." पाच वर्षांची असती तर मी परस्पर ठरवलं असतं. तेरा वर्षांच्या मुलीचं तिच्या पाठीमागे कसं ठरवू?

मूल कुणाला कळू द्यायला तयार नाही आणि शाळेला काही दिसत नाही, अशा वेळी मागायचं तरी काय?

तिसरा_बाक | सोमवार, सकाळी ७:१०

ताई, मला माझं निदान ३४ व्या वर्षी मिळालं. शाळेत मी तुमच्या लेकीसारखीच होते.

"शाळेत काही त्रास नाही" असं बाई म्हणतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं, शाळेला तिचा काही त्रास नाही. ऐकताना फरक कळत नाही.

शांत बसलेली मी आतून काय करत असायचे ते सांगते. कुणी विनोद केला की बाकीच्या हसल्यावर हसायचं. बाईंच्या डोळ्यांत बघायचं, पण किती वेळ? मनात तीन आकडे मोजायचे, मग नजर फळ्याकडे. पाय हलवला तर ओरडा बसतो, म्हणून बुटाच्या आत बोटं आवळून धरायची. हे सगळं सांभाळून जे लक्ष उरेल त्यात इतिहास शिकायचा. याला मास्किंग म्हणतात हे मला वीस वर्षांनी कळलं. दिवसभर आवळलेली मूठ घरी सुटते, कारण घरी ती सोडायची भीती नसते. त्यात तुमच्या घराचा दोष शोधू नका.

आणखी एक. आमच्या स्वच्छतागृहात हात वाळवायचं मशीन होतं. त्याचा आवाज माझ्या दातांत जायचा. म्हणून मी शाळेत पाणीच प्यायचे नाही. हे कुणाला सांगण्यासारखं आहे असं कधी वाटलं नाही, कारण मला वाटायचं सगळ्यांना असंच होतं आणि बाकीच्या माझ्याहून धीराच्या आहेत. लेकीची पाण्याची बाटली घरी भरलेली येते का, बघा एकदा.

(अवांतर: ऑटिझम असलेल्या चार मुलग्यांमागे एक मुलगी, असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा प्रमाण तीनास एकच्या जवळ निघालं. अशा मुली होत्याच, निदानाच्या चाळणीतून निसटत होत्या.)

दुपारचं_ऊन | सोमवार, सकाळी ९:०५

बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली येते. त्यावरून मी रोज ओरडते.

खडूफळा | सोमवार, दुपारी ४:४०

१९ वर्षं गणित शिकवतोय. त्या बाईंची वकिली करत नाही, पण त्यांना काय दिसतं ते सांगतो. एक तास संपला की दुसरा वर्ग, तिथे नवे चाळीस चेहरे. लक्ष कुणाकडे जातं? बाक वाजवणाऱ्याकडे. शांत मुलगी म्हणजे त्या तासापुरती मला मिळालेली सुट्टी. लिहिताना बरं वाटत नाहीये, पण तसंच आहे.

शाळेत जाताना निदानाचा कागद मागे ठेवा, मागणी पुढे. "हिला ऑटिझम आहे, समजून घ्या" असं पालक म्हणतात तेव्हा मी मान हलवतो आणि बाहेर पडल्यावर करायचं काय ते मला कळत नाही. "तास बदलणार असेल तर आदल्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात लिहा" म्हणालात, तर उद्यापासून करेन.

माझंच सांगतो. "पुस्तक काढा, पान ८४, उदाहरण तीन आणि पाच, समास सोडा, तारीख घाला, झालं की वही पालथी" हे मी एका दमात म्हणायचो. मग दहा हात वर: सर, कुठलं पान? मी चिडायचो. बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली कार्यस्मृतीचा, म्हणजे हातातल्या कामापुरतं डोक्यात धरून ठेवण्याचा, आराखडा मांडला. तो मी शिक्षक होताना शिकलो, पेपरात लिहिला, मार्क घेतले आणि वर्गात शिरताना बाहेर ठेवला. डोक्यातल्या त्या फळीवर एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. एडीएचडी (लक्ष आणि आवेग आवरणं अवघड जाणं) किंवा डिस्लेक्सिया (वाचणं-लिहिणं अवघड जाणं) असलेल्या बऱ्याच मुलांची फळी आणखी आखूड असते. आता सूचना फळ्यावर लिहितो आणि तास संपेपर्यंत पुसत नाही. कुणासाठी लिहिली ते वर्गात कुणालाच माहीत नाही.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे असं मला वाटतं. सगळ्यांना मिळणारी गोष्ट मागा. मग लेक वेगळी दिसत नाही.

अनवाणी_बाबा | सोमवार, रात्री १०:२०

आमचं उलटं. मुलगा १५ वर्षांचा, एडीएचडी, शिवाय हाताने लिहिण्याचा त्रास. आमचा सगळ्यांना दिसतो. महिन्यातून दोनदा शाळेतून बोलावणं.

सगळ्यात छळलेलं वाक्य: "काल जमलं ना त्याला? मग आज काय धाड भरली?" शाळेने म्हटलंय, मीही म्हटलंय. विषय नवा असला, गोडी असली किंवा मुदत डोक्यावर आली की त्याचं लक्ष लागतं. नुसतं 'महत्त्वाचं आहे' म्हणून लागत नाही. काल जमलं हा आमच्याविरुद्धचा पुरावा होऊन बसतो.

गृहपाठाची गंमत ऐका. शाळा म्हणायची करत नाही. मी रोज रात्री करताना बघायचो. शेवटी दप्तर उलटं केलं तर तीन आठवड्यांचा गृहपाठ तळाशी, पूर्ण केलेला, द्यायचा राहिलेला! करणं हे एक काम आणि देणं हे दुसरं, हे आम्हा मोठ्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. एका शिक्षिकेने वर्गाच्या दाराशी ट्रे ठेवला, आत येतानाच सगळ्यांनी वही त्यात टाकायची. तेव्हापासून एकच वही हरवली, आणि ती त्याची नव्हती.

दुसरी सोय वेळेची. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढू लागतं. एडीएचडी असलेल्या अनेक मुलांत ते आणखी लांबतं. पहिल्या तासाला त्याला उभं करून प्रश्न विचारणं बंद केलं आणि शाळेतली निम्मी भांडणं मिटली.

ताई, एक लक्षात असू द्या. अमेरिकन मानसोपचार संघटनेची निदान-पुस्तिका २०१३ साली बदलली, त्याआधी तिच्या नियमाने एकाच मुलाला ऑटिझम आणि एडीएचडी अशी दोन्ही निदानं देता येत नव्हती. म्हणजे जुन्या वळणाचे लोक अजूनही 'एक आहे ना, मग दुसरं नाही' असं धरून चालतात. दोन्ही असू शकतात.

वाचनमात्र | मंगळवार, सकाळी ८:३०

वाचतेय. भाबडा प्रश्न: न्यूरोडायव्हर्जंट हा शब्द अशा चर्चांत कानावर येतो, तो म्हणजे ऑटिझमच ना?

सावली | मंगळवार, सकाळी ८:५५

ती मोठी छत्री आहे: ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया, डिसकॅल्क्युलिया (आकड्यांची अडचण), टुरेट (आपोआप होणाऱ्या हालचाली, आवाज) आणि आणखी काही. ज्यांच्या मेंदूची चाल बहुसंख्यांपेक्षा वेगळी ते सगळे. 'न्यूरोडायव्हर्सिटी' हा शब्द ऑस्ट्रेलियाच्या ज्युडी सिंगर यांच्या १९९८ च्या प्रबंधातून रुळला. निदानाच्या कागदावर तो शब्द सापडणार नाही, तिथे त्या त्या स्थितीचं नाव असतं.

स्पष्टवक्ता | मंगळवार, दुपारी १:१५

कडू वाटेल, पण लिहितो. आमच्या वर्गात साठ जण होते, एकालाही काही नव्हतं. आता ज्याला त्याला नाव पाहिजे. उद्या ही मुलं नोकरीला लागतील तेव्हा साहेब फळ्यावर सूचना लिहिणार आहे का? सवलतींची सवय लावून आपणच त्यांना पांगळं करतोय.

अनवाणी_बाबा | मंगळवार, दुपारी १:४०

आमचा साहेब तोंडी काही बोलला की आम्हीच म्हणतो, "तेवढं मेलवर टाका." हलकं घ्या.

सावली | मंगळवार, रात्री ९:३०

विशेष शिक्षिका आहे, माध्यमिकच्या मुलांबरोबर काम करते. लांबेल, पण लिहिते.

साठांत एकालाही काही नव्हतं? होतं हो. नावं वेगळी होती. ढ, माठ, वात्रट, घुमा, शिष्ट, 'डोकं आहे पण वापरत नाही'. जी कंटाळून शाळा सोडून गेली ती शेवटच्या वर्षीच्या फोटोत नाहीत, म्हणून आठवत नाहीत. आणि ही फॅशन बरीच जुनी आहे. डिस्लेक्सिया हा शब्द रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्याने १८८७ साली वापरला. लक्ष आणि आवेग यांवर ताबा न राहणाऱ्या मुलांविषयी डॉ. जॉर्ज स्टिल यांनी लंडनमध्ये १९०२ साली व्याख्यानं दिली होती.

आता 'सवलत'. मी शाळेत हा शब्द वापरत नाही, 'सोय' म्हणते. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारात वाजवी सोयीची कल्पना आहे, आणि ती नाकारणं हा तिथे भेदभाव मानला आहे. सवलत म्हणजे ओटा बुटका करणं, सोय म्हणजे ओट्याला पायरी लावणं. कुठली गोष्ट काय, हे विचारायचा माझा प्रश्न ठरलेला आहे: या पेपरात तपासायचंय काय? इतिहासाच्या पेपरात इतिहास तपासायचा असेल, तर अनवाणी_बाबांच्या मुलाने टंकून उत्तरं दिली यात कुणी काही उणं केलेलं नाही. पण पेपर शुद्धलेखनाचाच असेल आणि संगणक चुका सुधारून देत असेल, तर ती मात्र सवलत झाली. मी तिथे नाही म्हणते, पालक रागावतात.

जादा वेळेचंही तसंच. मागायला सोपा, द्यायला सोपा, म्हणून सगळीकडे तोच दिला जातो. वाचायला वेळ लागणाऱ्या मुलाला तो हवाच. पण ज्याला त्या खोलीतला पंख्याचा खडखडाट आणि शेजारच्याची नाक ओढण्याची सवयच सहन होत नाही, त्याला जादा वेळ म्हणजे तिथेच आणखी अर्धा तास. त्याला मधे पाच मिनिटं बाहेर फिरून येऊ द्या, घड्याळ थांबवून.

ताई, तुम्हाला एवढंच सांगेन की शाळेत वीस मागण्यांची यादी नेऊ नका. आधी लेकीला विचारा. तोंडी नको. "कसा गेला दिवस?" हा प्रश्न अशा मुलांना दिवसाच्या शेवटी फार जड जातो. अनेकांना आत काय चाललंय ते शब्दांत पकडताच येत नाही. शनिवारी सकाळी, ती ताजी असताना, वेळापत्रकाची प्रत आणि तीन रंग द्या. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे ढकलते, लाल म्हणजे नको. समोर बसू नका, बाजूला बसा, तुमचं काहीतरी काम करत. आणि 'हे असं का?' असं विचारू नका.

निशाचर१७ | बुधवार, रात्री १२:४८

मी १७, डिस्लेक्सिया. मोठी माणसं बोलतायत म्हणून गप्प होतो.

धडा वाचायला ओळीने उभं करतात ना, तेव्हा मी काय करायचो सांगू? पुढे किती मुलं आहेत ते मोजायचो, माझा परिच्छेद कुठला येणार ते काढायचो आणि तोच मनात घोकायचो. बाकी सगळा धडा गेला. मधे कुणी गैरहजर निघालं की सगळं कोसळलं. एका सरांनी नववीत मला बाहेर बोलावून सांगितलं, "तुला उठवणार असेन तर आदल्या दिवशी सांगेन, कुठला भाग तेही सांगेन. नाहीतर तुझ्यापर्यंत येणार नाही." ते वर्गाला कधी कळलं नाही. त्या वर्षी मी पहिल्यांदा धडा ऐकला.

उलटं उदाहरण: दुसऱ्या एका तासाला मला 'बाहेर जायचं कार्ड' दिलं होतं. भडक लाल. बाकावर ठेवायचं म्हणे. दोन वर्षांत मी ते ० वेळा वापरलं. शाळेच्या कागदावर मात्र 'सोय दिली' अशी नोंद आहे.

लेखनिकाचंही. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा भेटून कुणाला उत्तर सांगून पाहा. सांगून लिहवणं हे वेगळं कसब आहे, त्याची सवय सहा महिने आधीपासून लागते. आणि खास डिस्लेक्सियाचे फॉन्ट विकत घेऊ नका. मला अक्षरांत आणि ओळींत मोकळी जागा सोडली की बरं पडतं. २०१२ साली इटालियन आणि फ्रेंच मुलांवर झालेल्या अभ्यासातही अक्षरांतलं अंतर वाढवल्यावर वाचन सुधारलेलं दिसलं. त्याला पैसे पडत नाहीत.

माझ्याबद्दलच्या मीटिंगमध्ये मला पहिल्यांदा बसवलं तेव्हा मी सोळाचा होतो. त्याआधीच्या सगळ्या मीटिंगा माझ्याबद्दल, माझ्याशिवाय झाल्या.

खडूफळा | बुधवार, सकाळी ६:५०

ते ओळीने उठवणं मी आजही करतो. आजपासून बंद.

स्पष्टवक्ता | बुधवार, दुपारी १२:०५

पोरा, चांगलं लिहिलंस. माझी शंका तरी राहतेच. जादा वेळ मिळतो म्हटल्यावर खोटे दाखले काढणारे नसतील का?

सावली | बुधवार, दुपारी २:२०

असतात. म्हणूनच खडूफळांचा मार्ग मला जास्त आवडतो. फळ्यावरची सूचना, दाराशी ट्रे, आदल्या दिवशी सांगितलेला बदल, यांना दाखला लागतच नाही. दाखला खरोखर लागतो अशा गोष्टी मग थोड्या उरतात आणि त्या नीट तपासता येतात.

दुपारचं_ऊन | शनिवार, दुपारी १२:३०

रंग दिले. मी शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घातल्या, तोंड शिवून.

माझी पैज गणितावर होती. गणित हिरवं. मधली सुट्टी पिवळी. मग ती बराच वेळ थांबली आणि चौकोन रंगवायचे सोडून चौकोनांच्या मधल्या रेघाच लाल करत सुटली. तास संपून दुसरा सुरू होतो ती रेघ. घंटा, जिना, सगळी शाळा एकदम बाहेर. दिवसातून सात वेळा.

लाल चौकोन फक्त दोन, दोन्ही विज्ञानाच्या प्रयोगाचे. मी विचारायचं नाही हे विसरून विचारलं. म्हणाली, "बाई म्हणतात जोडीदार निवडा."

विषय अवघड नाहीच तिला. वर्षभर मी शिकवणी लावू का विचारत होते.

खडूफळा | शनिवार, दुपारी ३:००

जोड्या: बाईंनीच लावायच्या, हजेरी क्रमांकाने, दर महिन्याला बदलून. सगळ्या वर्गाला लागू. कित्येक मुलं मनातून आभार मानतील.

रेघा: घंटेच्या दोन मिनिटं आधी वर्गाबाहेर पडायला कारण हवं. हजेरीपुस्तक कार्यालयात पोचवायचं काम द्या. शाळेत कामाला पाठवलेल्या मुलाकडे कुणी वळून बघत नाही.

तिसरा_बाक | शनिवार, संध्याकाळी ७:४५

रेघांचं वाचून गप्पच झाले.

शाळा बहुतेक तुम्हाला 'सामाजिक कौशल्यांचा वर्ग' सुचवेल, तेव्हा जपून. डोळ्यांत कसं बघायचं, कधी हसायचं हे शिकवणारा वर्ग असेल तर तो मुखवटाच जाड करतो. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ साली मांडलं की समजण्यातली दरी दुहेरी असते. आम्हाला तुम्ही कळत नाही तसे तुम्हालाही आम्ही कळत नाही. मग शिकवणी एकाच बाजूला का?

अनवाणी_बाबा | शनिवार, रात्री ११:१०

इथे माझं जमत नाही. आमच्याला अशा वर्गाचा उपयोग झाला. भांडण पेटतंय हे ओळखून बाहेर कसं पडायचं ते तो तिथेच शिकला. काय शिकवतात ते आधी बघून ठरवावं.

तिसरा_बाक | रविवार, सकाळी ८:००

ते मान्य. निसटायला शिकवत असतील तर मीही गेले असते.

दुपारचं_ऊन | सात आठवड्यांनी, गुरुवार, रात्री १०:१५

धागा वर काढतेय.

एका पानाचं पत्र दिलं, त्यात तीनच मागण्या: बदल आदल्या दिवशी फळ्यावर, प्रयोगाच्या जोड्या बाईंनी लावणं, घंटेआधी दोन मिनिटं. मसुदा लेकीने वाचला आणि एक अख्खा परिच्छेद खोडला. त्यात मी तिच्या रडण्याबद्दल लिहिलं होतं. तिचं बरोबर होतं. वर्गशिक्षिका वाचून म्हणाल्या, "एवढंच?"

जोड्या लागल्या. विज्ञानाच्या बाई दोनदा विसरल्या, त्या दोन्ही दिवशी घरी जुनंच सगळं. हजेरीपुस्तकाला लेक आधी नाहीच म्हणाली, 'सगळे बघतील' म्हणून. मग वर्गशिक्षिकेने दोघींना नेमलं, तेव्हा गेली. दुसरी मुलगी फार बोलत नाही, दोघींचं बरं जमतं. फळ्यावर बदल लिहायचं कधी होतं, कधी राहतं.

घरी मी येताक्षणी काही विचारत नाही, दिवा लावत नाही. दीड तासाचा बरेचदा पाऊण तास होतो. गुरुवारी काही फरक नाही, आजही नाही, का ते अजून सापडलेलं नाही. रविवारचं पोट दुखतंच.

तिसरा_बाक | गुरुवार, रात्री १०:४०

आणि ते हात वाळवायचं मशीन? तुमच्या शाळेत आहे का?

दुपारचं_ऊन | गुरुवार, रात्री ११:०२

आहे! वरच्या मजल्यावर जुनं स्वच्छतागृह आहे, तिथे नाही. तिला ते सहावीपासून माहीत होतं, पण तो मजला मोठ्या वर्गांचा, म्हणून परवानगी नव्हती. वर्गशिक्षिकेने एका वाक्यात दिली. काल बाटली रिकामी आली. मी सवयीने ओरडायला तोंड उघडलं होतं.